पोरांच्या हाताचा हिशेब कोण ठेवणार?

आपल्यापैकी बहुतेकांचे पोट हातावर आहे. बांधकामावर, गोदीत, कारखान्यात, सफाईच्या कामावर ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना हाताची किंमत वेगळी सांगायला नको. खांदा धरला की रोज बुडतो आणि रोज बुडाला की महिन्याचे गणित बिघडते, हे घराघरांत ठाऊक आहे. आज आम्ही अशा एका हाताबद्दल लिहिणार आहोत, जो अजून कामाला लागलेला नाही. तो शाळेत जाणाऱ्या मुलाचा हात आहे. त्यात चेंडू आहे, आणि मैदानाच्या कडेला उभी असलेली मोठी माणसे ओरडत आहेत, "टाक, अजून एक टाक!"

हा विषय आहे बेसबॉलचा. हा खेळ मूळचा अमेरिकेचा, आणि जपानमध्ये त्याचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटइतके आहे. या दोन देशांत हजारो मुलांचे हात वयात येण्याआधीच खेळाने निकामी केले. तिथल्या डॉक्टरांनी, शिक्षकांनी आणि पालकांनी त्यातून काही शिकून नियम केले. महाराष्ट्रात बेसबॉल आणि त्याचे भावंड सॉफ्टबॉल शालेय स्पर्धांत खेळले जातात. आपली मुलेमुलीही त्यात उतरतात. तिथे पोळलेल्या माणसांनी जे शहाणपण मिळवले, ते इथे फुकट मिळत असेल तर आपण का घेऊ नये?

सारा भार एकाच हातावर

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहतो आणि समोरच्या फलंदाजाकडे चेंडू टप्पा न पाडता जोरात फेकतो. क्रिकेटमध्ये सहा चेंडू झाले की गोलंदाज बदलतो. बेसबॉलमध्ये तसे नाही. एकच पिचर डावामागून डाव टाकत राहू शकतो. संघ जिंकायचा असेल तर चांगल्या पिचरला काढून घेण्याची कोणाला इच्छा होत नाही. शाळेच्या संघात तर बहुधा एकच मुलगा असा निघतो, ज्याचा चेंडू कोणाला लागत नाही. मग सगळे सामने त्याच्याच खांद्यावर येतात.

हा फेकण्याचा प्रकार साधा नाही. पायांनी जमीन रेटायची, कंबर वळवायची, धड फिरवायचे आणि शेवटी सगळी ताकद खांद्यातून, कोपरातून, बोटांतून चेंडूत ओतायची. व्यावसायिक पिचरचा खांदा त्या क्षणी ज्या गतीने फिरतो, ती गती टिकली तर हात एका सेकंदात एकोणीस-वीस वेळा गोल फिरेल. माणसाच्या शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते. या झटक्याचा ताण कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे करंगळीकडच्या बाजूला येतो. तिथे दोन हाडांना बांधून ठेवणारा एक छोटा, चिवट पट्टा असतो. डॉक्टर त्याला अस्थिबंध म्हणतात.

मूल थकले की गोष्ट आणखी बिघडते. आधी पाय ढिले पडतात, मग कंबर. चेंडूचा वेग मात्र तोच हवा असतो. मग पायांचे आणि कमरेचे काम एकट्या हाताला करावे लागते. चार जणांनी उचलायचे ओझे एकावर पडले तर त्याचे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

एका खेळाडूचे ऑपरेशन आणि त्याचा चुकीचा अर्थ

१९७४ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरातला हा पट्टा तुटला. त्या काळी अशा दुखापतीनंतर खेळाडूची कारकीर्द संपत असे. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली एक शीर, म्हणजे स्नायूबंध काढला आणि तो डाव्या कोपरात हाडांना भोके पाडून ओवला. यश येण्याची आशा शंभरात एक, असे त्यांनीच सांगितले होते. टॉमी जॉन १९७६ मध्ये मैदानात परतला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. ऑपरेशनाआधी त्याच्या नावावर १२४ विजय होते, नंतर त्यात १६४ विजयांची भर पडली. तेव्हापासून त्या शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले.

ही शस्त्रक्रिया म्हणजे वैद्यकशास्त्राची मोठी करामत, यात शंका नाही. पण लोकांनी तिचा भलताच अर्थ काढला. नवा पट्टा बसवला की हात पहिल्यापेक्षा जोरकस होतो, अशी समजूत पसरली. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शालेय खेळाडूंपैकी सुमारे निम्म्या मुलांना वाटत होते की, दुखापत नसतानाही ताकद वाढवण्यासाठी हे ऑपरेशन करावे! पालकांतही तिघांत एकाहून अधिक जणांचे तेच मत होते. प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा सामन्यात उतरायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागते, आणि प्रत्येक जण पूर्वीसारखा परतेलच असेही नाही.

टॉमी जॉन ऑपरेशनाच्या वेळी ३१ वर्षांचा होता. त्याची हाडे पक्की झालेली होती, हा त्याचा व्यवसाय होता आणि त्याच्या मागे श्रीमंत संघ उभा होता. पुढे ऑपरेशनाच्या टेबलावर कोण येऊ लागले? २००७ ते २०११ या काळातील अमेरिकेतील नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की, ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक रुग्ण १५ ते १९ वर्षांचे होते. पगारी खेळाडूचे दुखणे शाळकरी मुलांच्या कोपरात उतरले होते.

कोवळ्या हाडाचे गुपित

मुलाचे हाड म्हणजे मोठ्याच्या हाडाची छोटी प्रत, असे आपण समजतो. तसे ते नसते. वाढत्या मुलाच्या हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चेचे थर असतात. तिथूनच हाड लांबीला वाढते. कोपराजवळचे हे थर टप्प्याटप्प्याने पक्के होतात. आतल्या बाजूचा थर साधारण पंधरा ते सतरा वर्षांपर्यंत कच्चा राहतो, तर खांद्याजवळचा त्याहूनही उशिरापर्यंत. मुलींची हाडे थोडी लवकर पक्की होतात.

मोठ्या माणसात ताण वाढला तर पट्टा तुटतो. मुलात मात्र पट्टा मजबूत आणि हाडाचा थर कच्चा असतो. मग पट्टा तुटण्याऐवजी तो हाडाचा कच्चा भागच ओढून सैल करतो. कधी त्याचा तुकडाच सुटून येतो. अमेरिकेतील डॉक्टरांनी १९६० मध्येच हे क्ष-किरण चित्रांत पाहिले आणि मुलांच्या बेसबॉलवरून त्याला 'लिटल लीग कोपर' असे नाव दिले. खांद्यातही असाच प्रकार होतो.

दिलासा देणारी गोष्ट अशी की, वेळीच ओळखले तर बहुतेक मुले निव्वळ विश्रांतीने बरी होतात. काही आठवडे फेकणे पूर्ण बंद ठेवायचे, मग हळूहळू सुरू करायचे. वाईट गोष्ट अशी की, मुले सांगत नाहीत. सांगितले तर संघातून काढतील, ही भीती त्यांच्या मनात असते. सर रागावतील, मित्र भित्रा म्हणतील, बाबांनी उसने पैसे काढून बूट आणून दिले आहेत, हे सगळे त्या पोराच्या डोक्यात असते. म्हणून ते दात खाऊन टाकत राहते. आपण त्याला जिद्द म्हणतो आणि टाळ्या वाजवतो.

मोजल्यावर काय दिसले?

पूर्वी दोष दिला जायचा तो वळणाऱ्या चेंडूला. मनगट पिळून चेंडू टाकल्याने मुलांचे हात जातात, असे म्हणत. मग अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी प्रत्यक्ष माहिती गोळा केली. दुखणाऱ्या हातामागे सर्वांत ठळक कारण निघाले ते अतिवापराचे. किती चेंडू, किती दिवस आणि किती महिने, इथेच खरी गोम होती.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खांद्याचे वा कोपराचे ऑपरेशन करावे लागलेल्या ९५ तरुण पिचरांची तुलना दुखापत न झालेल्या ४५ जणांशी केली गेली. वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ चेंडू टाकणाऱ्यांना ऑपरेशनाचा धोका सुमारे पाचपट होता. सामन्यात सरासरी ८० हून जास्त चेंडू टाकणाऱ्यांना जवळपास चौपट. आणि हात थकलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांना? ३६ पट! हा आकडा आम्ही वाचला तेव्हा क्षणभर थांबलो. बाकी सगळे विसरले तरी चालेल, पण थकलेल्या हाताने चेंडू टाकू द्यायचा नाही, हे प्रत्येक आईबापाने मनात कोरून ठेवावे.

२०११ मधील दुसऱ्या अभ्यासात ९ ते १४ वर्षांच्या ४८१ मुलांवर दहा वर्षे लक्ष ठेवले. त्यांतील सुमारे ५ टक्के मुलांचे ऑपरेशन झाले किंवा हाताच्या दुखण्याने त्यांना खेळ सोडावा लागला. वर्षात १०० हून अधिक डाव टाकणाऱ्यांना हा धोका साडेतीनपट होता.

यातूनच नियम आले. अमेरिकेतील मुलांच्या लिटल लीग या संघटनेने २००७ पासून डाव मोजणे सोडून चेंडू मोजणे सुरू केले. कारण उघड आहे. एक डाव आठ चेंडूंत संपतो, तर दुसरा चाळीस चेंडूंपर्यंत लांबतो. कामाचे तास सारखे असले तरी उचललेली पोती सारखी नसतात. २०१४ मध्ये तिथल्या मेजर लीग या व्यावसायिक संघटनेने आणि राष्ट्रीय बेसबॉल संस्थेने मिळून वयानुसार तक्ता प्रसिद्ध केला. त्यात एका दिवसाची कमाल मर्यादा अशी आहे : ७-८ वर्षांसाठी ५० चेंडू, ९-१० साठी ७५, ११-१२ साठी ८५, १३ ते १६ साठी ९५ आणि १७-१८ साठी १०५.

मर्यादेइतकीच महत्त्वाची आहे विश्रांती. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने २० पर्यंत चेंडू टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकायला हरकत नाही. २१ ते ३५ टाकले तर एक दिवस सुट्टी, ५० पर्यंत दोन दिवस, ६५ पर्यंत तीन दिवस आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस सुट्टी. शिवाय लागोपाठ तीन दिवस टाकायचे नाही. एकाच दिवशी पिचर आणि कॅचर ही दोन्ही कामे करायची नाहीत, कारण कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो. आणि वर्षातून किमान चार महिने चेंडूफेक बंद, त्यांतील दोन-तीन महिने सलग. ही मर्यादा म्हणजे गाठायचे लक्ष्य नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. ज्याचा हात चाळीस चेंडूंतच थकला, त्याने चाळीसवरच थांबायचे.

जपानमधील कौतुकाचे ओझे

नियम कागदावर करणे सोपे असते. गावाची इज्जत पणाला लागली की ते पाळणे कठीण जाते. हे पाहायचे तर जपानला जावे लागेल.

जपानमधील शाळांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा १९१५ मध्ये सुरू झाली. निशिनोमिया शहरातील कोशिएन या मैदानावर ती भर उन्हाळ्यात होते आणि सारा देश ती पाहतो. १९९८ साली दाइसुके मात्सुझाका या शाळकरी पिचरने १७ डावांच्या एका सामन्यात एकट्याने २५० चेंडू टाकले. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही फटका यशस्वी होऊ दिला नाही. देशाने त्याला डोक्यावर घेतले. त्यानंतर कित्येक शाळांतील मुलांना हाच आदर्श वाटला.

२०१८ मध्ये अकिता प्रांतातील कानाआशी कृषी विद्यालय अंतिम फेरीत पोहोचले. शेतीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या या सरकारी शाळेने बड्याबड्या खासगी शाळांना हरवले होते. त्यांचा पिचर कोसेई योशिदा याने सहा सामन्यांत ८८१ चेंडू टाकले. अंतिम सामना मात्र ते हरले. गरीब शाळेची ही झुंज पाहून कोणाचाही ऊर भरून येईल, आमचाही आला. पण ऊर भरून आला म्हणून प्रश्न विचारायचा थांबवायचा का? शाळेचे नाव झाले, गावाचे नाव झाले, हात मात्र एकट्याचा झिजत होता.

त्यानंतर चर्चेला तोंड फुटले. चेंडूंवर मर्यादा घालावी, असे काही जण म्हणू लागले. त्यावर आक्षेपही आला आणि तो आम्हांला महत्त्वाचा वाटतो. श्रीमंत शाळांकडे चार-चार पिचर असतात, लहान शाळेकडे एकच असतो. मर्यादा घातली तर गरीब शाळा हरणारच, असे लोकांचे म्हणणे होते. हे म्हणणे खोटे नाही. पण साधनांची उणीव एका पोराच्या कोपरातून भरून काढायची, हे न्यायाचे नव्हे. दुसरा पिचर तयार करणे हे शाळेचे काम आहे. अखेर २०२० पासून तिथल्या शालेय संघटनेने एका आठवड्यात एका पिचरला ५०० चेंडूंची मर्यादा घातली. अमेरिकेच्या मानाने ती सैलच आहे, पण जिथे मर्यादाच नव्हती तिथे मोजणी सुरू झाली.

ज्या सरांनी हार पत्करली

याच सुमारास जपानच्या इवाते प्रांतात एक प्रसंग घडला. ओफुनातो नावाच्या किनाऱ्यावरच्या गावातील सरकारी शाळेत रोकी सासाकी हा मुलगा खेळत होता. २०११ च्या त्सुनामीत त्याचे वडील आणि आजी-आजोबा गेले होते. २०१९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने ताशी १६३ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला आणि देशभर त्याचे नाव झाले. ओफुनातोची शाळा १९८४ नंतर कोशिएनला गेलेली नव्हती. आता जाणार, असे गावाला वाटू लागले.

प्रांतिक स्पर्धेत २१ जुलै रोजी सासाकीने १२ डावांत १९४ चेंडू टाकले. २४ जुलैला उपांत्य सामन्यात आणखी १२९. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना होता. जिंकला तर कोशिएन, हरला तर घर. त्याचे प्रशिक्षक योहेई कोकुबो यांनी त्या दिवशी सासाकीला मैदानात उतरवलेच नाही. दुखापत होऊ नये म्हणून, एवढेच कारण त्यांनी दिले. शाळा १२-२ अशी हरली. शाळेत संतापाचे फोन येऊ लागले. देशभर वाद झाला. कोणी म्हणाले, मुलाचे स्वप्न मोडले. कोणी म्हणाले, मुलाला वाचवले.

पुढे सासाकी व्यावसायिक संघात गेला. तिथेही २०२० या पहिल्या वर्षी त्याला एकही अधिकृत सामना खेळवला नाही, आधी शरीर घडवले. १० एप्रिल २०२२ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने १०५ चेंडूंत २७ फलंदाज आल्यापावली परत पाठवले. एकालाही पहिल्या टप्प्यावर पोहोचता आले नाही. असा पराक्रम करणारा तो जपानचा सर्वांत तरुण पिचर ठरला. आठवड्याने पुन्हा तो तसाच टाकत होता. आठ डाव निर्दोष झाले होते आणि १०२ चेंडू पडले होते. विक्रम हाताशी आला असताना व्यवस्थापकांनी त्याला बाहेर बोलावले.

आम्ही ही कहाणी परीकथा म्हणून सांगत नाही. सासाकी २०२५ मध्ये अमेरिकेत डॉजर्स संघाकडून खेळू लागला आणि त्याच वर्षी खांद्याच्या दुखण्याने त्याला काही महिने बाहेर बसावे लागले. काळजी घेतली तरी दुखापत होऊ शकते. पण सतराव्या वर्षी तो हात गावाच्या हौसेसाठी खर्च झाला असता, तर पुढचा दिवस उजाडलाच असता याची काय खात्री? थांबवण्याचा निर्णय मुलाने घ्यावा, अशी अपेक्षाच चुकीची आहे. तो मोठ्या माणसाने घ्यायचा असतो, आणि त्याची किंमतही मोठ्या माणसानेच मोजायची असते. कोकुबो सरांनी ती मोजली.

आपल्या घरात, आपल्या मैदानावर

आता आपल्याकडे वळू. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. म्हणून खेळाचे प्रमाणपत्र ही आपल्या घरांत मोठी आशा असते, आणि ती असायलाच हवी. मुलाला खेळू द्या, मुलीलाही खेळू द्या. या लेखाचा अर्थ खेळापासून दूर ठेवा, असा कोणी काढू नये. पण प्रमाणपत्रासाठी ज्या हाताने खेळायचे, नोकरी लागल्यावर त्याच हाताने काम करायचे आहे. आणि नोकरी नाही लागली, तर त्याच हातावर पोट भरायचे आहे. श्रीमंताच्या मुलाचा हात गेला तर त्याचा खेळ जातो. आपल्या मुलाचा हात गेला तर त्याची भाकरी जाते.

सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकते, म्हणून तिला धोका नाही, असे समजू नये. तिच्याही खांद्यावर ताण येतो, आणि मैदानातील इतर मुली तर हात डोक्यावरून नेऊनच चेंडू फेकतात. क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजीत कोपर सरळ राहते, पण भार कमरेवर येतो. वाढत्या वयात अति गोलंदाजी केल्याने पाठीच्या मणक्याला बारीक तडे जातात. सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉलच्या स्पर्धेत एकाच पोराला सकाळपासून दिवे लागेपर्यंत तीन-तीन सामने टाकायला लावणाऱ्या मंडळांनी याचाही विचार करावा.

आईबापांनी काय करायचे? त्याला पैसा लागत नाही. एक जुनी वही घ्या. सरावाला आणि सामन्याला आज किती चेंडू टाकले, ते रात्री मुलाकडूनच लिहून घ्या. सामन्याआधी हात मोकळा करताना टाकलेले चेंडूही त्यात धरा, हात तेही मोजत असतो. मूल शाळेकडून, क्लबकडून आणि गल्लीच्या संघाकडून खेळत असेल तर तिन्हींची बेरीज एकाच पानावर करा. कारण शाळेच्या सरांना क्लबचा हिशेब माहीत नसतो आणि क्लबच्या सरांना शाळेचा.

लक्षणे ओळखा. कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने दाबल्यावर दुखणे, हात पूर्ण सरळ न होणे, चेंडूचा वेग किंवा नेम अचानक बिघडणे, केस विंचरताना वा दप्तर उचलताना तोंड वाकडे होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवसापासून फेकणे बंद. दुखणे दाबण्याची गोळी देऊन सामन्याला पाठवू नका. गोळीने दुखणे गप्प बसते, पण हाडाची झीज चालूच राहते. तेल लावून जोरात चोळणे, हात ओढून-ताणून बसवणे, हेही टाळा. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग असतो, तिथे दाखवा. मूल चेंडूफेकीचा खेळ खेळते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि सरांशी बोला. आपण शिकलेलो नाही, सर काय म्हणतील, असा संकोच धरू नका. "सर, काल याने सत्तर चेंडू टाकले आहेत, आज याला दुसऱ्या जागेवर खेळवा," एवढे म्हणायला पदवी लागत नाही. चांगले सर या शब्दाचा राग धरणार नाहीत. शाळांनीही प्रत्येक संघात दोन-तीन पिचर तयार करावेत. एकावरचे ओझे तर कमी होईलच, शिवाय जी मुले आजवर बाकावर बसून राहिली, त्यांनाही संधी मिळेल.

बारा वर्षांच्या पोराच्या पाठीवर पन्नास किलोची गोणी कोणी ठेवली तर आपण त्याचा हात धरू. ओझे चेंडूचे असले, त्याच्यावर चषकाची चकाकी असली, म्हणून ते ओझे दिसेनासे होऊ नये. आज रात्री मूल मैदानावरून परतले की "जिंकलास का?" हे विचाराच. पण त्याआधी विचारा, "किती चेंडू टाकलेस? हात कसा आहे?" आणि उत्तर वहीत लिहून ठेवा.